चार बोटं कापतं आणि विझतं

मध्यम लहरींवर लावलेला रेडिओ छान चाललेला असतो, गाण्याचा अंतरा रंगात आलेला असतो आणि मध्येच खर्रर्र करून आवाज फाटतो. क्षणभरच. गाणं पुन्हा सुरू. दोन मिनिटांनी पुन्हा खर्रर्र. तुमचं घर एखाद्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपला लागून असेल, तर या खरखरीमागं पत्रा कापणारं प्लाझ्मा मशीन असण्याचा बराच संभव आहे. ही मशिनं दुरुस्त करणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. ज्या आकाशवाणीच्या ऐकण्यात आमच्या मशिनांनी इतकी वर्षं खोडा घातला, तिनंच मला बोलायला बोलावलं याचं मला मोठं नवल वाटलं. पण बोलावलंच आहे तर सांगतो.

प्लाझ्मा म्हटलं की कुणाला रक्तातला प्लाझ्मा आठवतो, कुणाला जुना जाडजूड टीव्ही. आमचा प्लाझ्मा वेगळा. वायूतून जोरकस वीज गेली की त्याचे अणू फुटून इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि एरवी वीज अडवणारी हवा तारेसारखी वीज वाहून न्यायला लागते. अशा वायूला 1928 साली अर्व्हिंग लँगम्युअर या अमेरिकन शास्त्रज्ञानं प्लाझ्मा हे नाव दिलं. मे महिन्यात वळवाच्या पावसाआधी आभाळात जी वीज कडाडते, तिची वाट म्हणजे प्लाझ्माच. घरातल्या जुन्या ट्यूबलाइटमध्येही तोच असतो, फक्त शांत आणि विरळ. ही वीज बारीक छिद्रातून दाबून बाहेर काढली तर तिची धारदार सुरी होते, हे रॉबर्ट गेज यांनी ओळखलं आणि 1957 साली अमेरिकेत त्यांना त्याचं पेटंट मिळालं. त्या सुरीच्या टोकाला वीस हजार अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता असते. गॅस कटरची ज्योत तीन हजारांच्या थोडी वर जाते, एवढं सांगितलं की फरक कळतो.

आता कुणी विचारेल, गॅस कटर असताना हे कशाला? गॅस कटर लोखंड वितळवून कापत नाही, जाळून कापतो. लाल झालेल्या लोखंडावर ऑक्सिजनचा झोत सोडला की लोखंड पेट घेतं आणि राख होऊन गळतं. स्टेनलेस स्टील मात्र असं जळत नाही. त्यातल्या क्रोमियमचा एक चिवट थर वर धरतो आणि ऑक्सिजनला आत जाऊ देत नाही. ॲल्युमिनियमचंही तसंच. प्लाझ्मा जाळत बसत नाही. तो धातू वितळवतो आणि वाऱ्यानं खाली उडवून देतो. वीज वाहून नेणारा कुठलाही धातू त्याला चालतो. आमच्या कोल्हापूर भागात दुधाच्या टाक्या, साखर कारखान्यांची कामं, हॉटेलांची भांडी हे सगळं स्टेनलेसचं. तेव्हा प्लाझ्मा बंद म्हणजे वर्कशॉप बंद.

2018 सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. एका फॅब्रिकेटरचा सकाळी सकाळी फोन आला. माणूस ओळखीचा, कष्टाळू. पतसंस्थेचं कर्ज काढून त्यानं जुनं, 60 अँपियरचं, थ्री-फेज मशीन घेतलेलं. हातात एका साखर कारखान्याचं काम होतं. बॉयलर पेटवायचा मुहूर्त दसऱ्याच्या सुमाराचा आणि त्याआधी माल पोचवायचा. उशीर झाला तर बिलात कपात, आणि पुढच्या वर्षी दारात उभं करायचे नाहीत ते वेगळंच.

"मिस्त्री, मशीन खुळ्यागत करायलंय," तो म्हणाला. "कधी धरतंय, कधी धरंना. आणि धरलं तर चार बोटं कापतंय आणि विझतंय."

आधी येऊन गेलेल्या सर्व्हिसवाल्यानं झाकण उघडून पाहिलं होतं आणि मेन कार्ड गेलंय, साठ हजार रुपये लागतील, असं सांगितलं होतं. गडी पैशांच्या जुळवाजुळवीला लागलेला. मी म्हटलं, थांब, मी येतो. तोवर कुणाला पैसे देऊ नको.

मशीन दुरुस्त करणाऱ्यानं पेचकस हातात घ्यायच्या आधी तोंड वापरावं, असं माझं मत आहे. वैद्य नाडी बघण्याआधी विचारतो ना, कधीपासून, कशानं, काय खाल्लं होतं? तसंच. मी त्याला विचारलं, विझतं ते दिवसभर विझतं की ठरावीक वेळी? तो विचारात पडला. तिथं उभा असलेला त्याचा भाचाच मग बोलला. बारावी झालेला, गावाकडून कामाला आलेला, एकोणीस वर्षांचा मुलगा. "काका, सकाळी आल्या आल्या एकदम भारी चालतंय. अकरा वाजले की मग कटकट सुरू." टीप आणि इलेक्ट्रोड किती दिवस टिकतात? "दिवस कुठलं? दोन-दोन तासाला बदलतोय."

या दोन उत्तरांत अर्धं निदान झालं होतं. गेलेलं कार्ड घड्याळ बघून चालत नाही. तापून बंद पडणारं कार्ड असतं, नाही असं नाही. पण मग दिवा लागतो, पंखा चालू राहतो आणि मशीन स्वतःच सांगतं की मी तापलोय. इथं तसं काही नव्हतं. आणि कार्ड बिघडलं म्हणून टीप दोन तासांत खराब व्हायचं कारण नाही.

टॉर्चच्या पोटात काय असतं ते इथं सांगायला हवं. मधोमध तांब्याचा इलेक्ट्रोड. त्याच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढा हाफ्नियम नावाच्या धातूचा ठिपका बसवलेला. हा धातू 1923 साली कोपनहेगनमध्ये सापडला आणि त्या शहराच्या लॅटिन नावावरून त्याचं नाव पडलं. टंगस्टन याहून उशिरा वितळतं, पण तापलेल्या हवेत ते जळून जातं. हाफ्नियम हवेतही तग धरतो, म्हणून हवेवर चालणाऱ्या मशिनात तोच. इलेक्ट्रोडभोवती हवेला गोल फिरवणारी एक रिंग, त्यावर बारीक छिद्राची तांब्याची टीप आणि हे सगळं धरून ठेवणारा बाहेरचा कप. ट्रिगर दाबला की आधी हवा येते, मग हजारो व्होल्टची बारीक ठिणगी इलेक्ट्रोड आणि टीप यांच्यामध्ये उडते. रेडिओत खरखर करते ती हीच. काही नव्या मशिनांत ठिणगीऐवजी इलेक्ट्रोड टीपला टेकवून मागं ओढायची सोय असते, त्यांची खरखर होत नाही. ठिणगीनं वाट करून दिली की छोटा पायलट आर्क पेटतो. टॉर्च पत्र्याजवळ नेला की हा आर्क टीप सोडून पत्र्यावर उडी मारतो, पत्र्यातून अर्थिंग क्लॅम्पवाटे वीज मशिनात परत येते आणि कापायला सुरुवात होते.

म्हणजे ही एक साखळी आहे. मेनची वीज, हवा, ठिणगी, पायलट, उडी, परतीची वाट. मशीन बिघडलं म्हणजे यातली कुठली तरी कडी तुटली. ट्रिगर दाबून काहीच होत नाही, हवाही येत नाही, तर फ्यूज, तीनपैकी एखादी गेलेली फेज, ट्रिगरची वायर इथं बघायचं. हवा येते पण ठिणगी नाही, तर टॉर्चचे सुटे भाग आणि स्पार्क गॅप. पायलट पेटतो पण पत्र्यावर जात नाही, तर दहातल्या सात वेळा अर्थिंग. आणि चांगला कापता कापता विझतो, तर हवा. आमच्या धंद्यातले लोक हवा हा शब्द ऐकला की कंटाळतात. त्यांना कार्ड आवडतं. कार्डात पैसे असतात.

मी मेन स्विच बंद केला, प्लग काढला आणि टॉर्चचा कप फिरवायला घेतला. तर भाचा हसून म्हणाला, "काका, मेन कशाला बंद करताय? मी तर असंच बदलतो. टाइम जातो नाहीतर."

मी म्हटलं, तसं करायचं नसतं. पण तुझं नशीब, कप काढला की मशीन आपोआप बंद होतं, आत त्यासाठी स्विच असतो.

"तो होय? तो मधी मधी अडकायचा. महिनाभर झाला, डायरेक्ट केलाय त्याला."

मंडळी, माझ्या हातातला कप तसाच राहिला. टॉर्चच्या जाड केबलीसोबत दोन बारीक वायरी येतात. कप नीट बसला की त्या दोन वायरी जुळतात आणि मशिनाला कळतं की टॉर्च बंद आहे, आता वीज सोडायला हरकत नाही. कप सैल झाला की वायरी सुटतात, मग ट्रिगर दाबला तरी वीज येत नाही. मी मीटर लावून बघितलं. कप माझ्या हातात आणि मीटर म्हणतोय, वायरी जुळलेल्या आहेत. टॉर्चची मूठ उघडली तर त्या दोन वायरी एकमेकींना पिळा घालून वर काळी टेप गुंडाळलेली. काम सफाईदार होतं, पोराचा हात चांगला आहे. पण या मशिनात कापायच्या आधी इलेक्ट्रोडवर अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी उभे असतात. पोरगा दिवसातून सात-आठ वेळा, मशीन चालू ठेवून, घामेजल्या हातांनी तो इलेक्ट्रोड पकडून फिरवत होता. टॉर्च मांडीवर. ट्रिगर बोटाखाली. पावसाळ्याचे दिवस, खाली ओली फरशी.

मी त्याच्यावर ओरडलो, हे मान्य करतो. मग ओरडल्याचं वाईट वाटलं. कारण तो स्विच अडकत का होता, हे कुणी त्याला विचारलंच नव्हतं. मामाला माल द्यायचा होता, मशीन बंद पडत होतं, पोरानं आपल्या बुद्धीनं वाट काढली. आपल्याकडं याला जुगाड म्हणतात आणि पाठ थोपटतात. मी त्याला माझा डावा तळहात दाखवला. धंद्यात नवा असताना एका मशिनाचा प्लग काढला, लगेच झाकण उघडलं आणि हात आत घातला. प्लग काढल्यावर वीज कुठली? पण आत मोठे कपॅसिटर असतात. थ्री-फेज मशिनात ते पावणेसहाशे व्होल्टपर्यंत भरलेले असतात आणि प्लग काढल्यावरही भरलेलेच राहतात. त्यांना हळूहळू रिकामं करणारा रेझिस्टर त्या मशिनात जळालेला होता. मी भिंतीवर जाऊन आदळलो. तळहातावर वाटाण्याएवढा डाग अजून आहे. तेव्हापासून मी प्लग काढल्यावर पाच-दहा मिनिटं चहा पितो, मग कपॅसिटरवर मीटर लावतो, आकडा शून्याजवळ आल्याचं डोळ्यांनी बघतो आणि मगच हात घालतो. नुसतं थांबणं पुरत नाही, मोजावं लागतं. आणि घरी हे करून बघण्याचं काम नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

असो. सुटे भाग बाहेर काढले. इलेक्ट्रोडच्या टोकाला हाफ्नियमच्या जागी खड्डा. थोडा खड्डा पडायचाच, कारण दर वेळी आर्क पेटताना आणि विझताना त्याचा वितळलेला कण उडून जातो. दीड मिलिमीटरच्या आसपास गेला की बदलायचा. पण हा तर सकाळी घातलेला. टीपचं छिद्र गोल राहिलेलं नव्हतं, एका बाजूला फाटून भोपळ्याच्या बीसारखं झालेलं. आतल्या भिंतीवर काळे चट्टे आणि रिंगेवर चक्क पाण्याचे थेंब. कपाच्या स्विचची बारीक पिनही गंजलेली. अडकणार नाही तर काय करेल?

पोराला मी टिश्यू पेपर आणायला सांगितला. तिथं कुठला टिश्यू पेपर? वर्तमानपत्राचा कोरा कोपरा फाडून आणला, तोही चालला. मशिनाला एक बटण असतं, आर्क न पेटवता नुसती हवा सोडायचं. सुटे भाग परत बसवले, त्या बटणावर हवा सोडली आणि कागद टॉर्चपुढं धरला. अर्ध्या मिनिटात कागदावर ओले ठिपके. कागद ओला होऊन मध्ये फाटला.

हे पाणी येतं कुठून? पावसाळ्यातल्या हवेत ते असतंच. तीस अंश तापमानाची एक घनमीटर हवा फार तर तीस ग्रॅम वाफ धरून ठेवते. कॉम्प्रेसर सहा किलो प्रेशर करतो म्हणजे सात घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबतो. वाफ मात्र त्या एका घनमीटरात पुन्हा तीसच ग्रॅम राहू शकते. उरलेलीचं पाणी होतं. या टॉर्चला मिनिटाला दोनशे लिटरच्या आसपास हवा लागते. हिशेब केला तर कोल्हापुरी पावसाळ्यात सलग तासभर मशीन चाललं की पाव लिटरच्या आसपास पाणी तयार होतं. एक मोठा पेला भरेल एवढं. रात्रभर टाकी गार झालेली असते, पाणी तळाला बसलेलं असतं, म्हणून सकाळी हवा कोरडी. कॉम्प्रेसर तापत गेला की हवा गरम निघते, वाफ तशीच पुढं जाते आणि पुढच्या लांबलचक नळीत, नाहीतर थेट टॉर्चमध्ये गार होऊन पाणी होते. अकरा वाजताच्या कटकटीचा उलगडा हा असा.

आर्कमध्ये पाणी शिरलं की ते फुटतं, त्याला उष्णता लागते, आर्क डळमळतो. सरळ पत्र्यावर जायचं सोडून तो टीपच्या कडेवर उडी मारतो आणि छिद्र फाडतो. हाफ्नियमही लवकर संपतो.

टाकीखालचा ड्रेन कॉक शेवटचा कधी सोडला होता? मामा-भाचे एकमेकांकडं बघू लागले. कॉक जाम झालेला. पान्यानं फिरवला तर आधी काही नाही, मग भसकन तपकिरी पाणी. बादली अर्धी भरली. टाकीत हवेपेक्षा पाण्यानंच जास्त जागा धरलेली, म्हणून कॉम्प्रेसर सारखा चालत होता, म्हणून तापत होता, म्हणून आणखी वाफ पुढं जात होती. फिल्टरची वाटी इतकी काळी की आत पाणी आहे की नाही ते बाहेरून दिसेना. शिवाय फिल्टरशेजारी तेल सोडणारी बाटली कुणीतरी बसवलेली. ती हवेवर चालणाऱ्या ड्रिलला लागते, ग्राइंडरला लागते. प्लाझ्माला तेल म्हणजे विष. ती मी पहिल्यांदा काढली.

प्रेशरचीही गंमत होती. घड्याळात सहा किलो. मालक म्हणाला, प्रेशर तर भरपूर आहे. मी हवेचं बटण दाबलं आणि काटा बघायला सांगितला. साडेतीनवर आला. नळी बंद असताना काटा काय दाखवतो याला अर्थ नाही. घरची पाण्याची टाकी भरलेली असते, पण तोटी उघडल्यावर धार बारीक येते, तसं. कॉम्प्रेसर लांब ठेवलेला, तिथून साठ फुटांची सुतळीसारखी बारीक नळी आणि वर चोंदलेला फिल्टर. वाहती हवा मशिनाला लागते त्याहून कमी पडली की आतला प्रेशर स्विच सुटतो आणि मशीन आर्क बंद करतं. ते मशीन खुळ्यागत वागत नव्हतं. शहाण्यासारखं वागत होतं, टॉर्च जळू नये म्हणून थांबत होतं.

राहिला प्रश्न कधी धरतं, कधी धरत नाही याचा. त्याला वेळ लागला नाही. अर्थिंग क्लॅम्प कापायच्या टेबलाला लावलेला, टेबलाला रंग, रंगावर गंज, वर स्लॅगचे गोळे आणि त्यावर पत्रा ठेवलेला. पत्रा हलला की एखादा कोपरा टेकायचा, एखादा नाही. टेकला तर धरायचं. क्लॅम्पची वायर जिथं घट्ट पिळलेली असते तिथं हात लावला तर पोळला. सैल जोड तापतो, हा विजेतला जुना नियम. जोड नवा केला आणि क्लॅम्प थेट पत्र्याला लावायला सांगितलं.

आणि कार्ड? दहा मिनिटं थांबून, मोजून, मशीन उघडलं. आत ग्राइंडरची लोखंडी पूड इंचभर साठलेली, कारण ग्राइंडिंगचा बाक मशिनाच्या पंख्यासमोरच होता. पंखा आपलं इमानानं सगळं आत ओढत होता. ही पूड वीज वाहते. आणखी दोन महिन्यांनी कार्ड खरंच गेलं असतं. कोरड्या हवेनं हळूच साफ केलं, मोठे ट्रान्झिस्टर मीटरवर एकेक तपासले. एकही शॉर्ट नव्हता. मी मालकाला सांगितलं, कार्ड चांगलं आहे. त्यानं विचारलं, "मग तो असं का म्हणला?" याचं उत्तर मी दिलं नाही. एवढंच सांगतो, की ट्रान्झिस्टर जळालेला जरी सापडला तरी तो का जळाला हे शोधल्याशिवाय नवा घालू नये. नाहीतर नवाही तासाभरात जातो आणि गिऱ्हाइकाला वाटतं, पार्ट डुप्लिकेट होता.

दुपारभर आम्ही तिघं प्लंबरचं काम करत होतो. कॉम्प्रेसरपासून भिंतीच्या कडेनं जीआय पाइपची वीस फुटांची लाइन टाकली, थोडा उतार देऊन. पाइप गार असतो, पाणी वाटेतच सुटतं. उताराच्या टोकाला खाली एक ड्रेन कॉक. टॉर्चसाठीची नळी मात्र पाइपच्या वरच्या अंगानं टी काढून घेतली, म्हणजे तळातून वाहणारं पाणी तिच्यात शिरत नाही. नवा फिल्टर मशिनाच्या अगदी जवळ, जाड नळी आणि टॉर्चचा नवा स्विच. पिळलेल्या वायरी सोडवून परत जिथल्या तिथं जोडल्या, आणि कप काढल्यावर ट्रिगर मेला आहे हे मीटरवर पोरालाच बघायला लावलं. एकूण खर्च साठ हजारांच्या दहाव्या हिश्शाच्या आत बसला, माझी मजुरी धरून.

संध्याकाळी सहा मिलिमीटरचा पत्रा लावला. पोरानं टॉर्च पत्र्याच्या कडेला धरला, ट्रिगर दाबला. निळा-पांढरा आर्क, खाली ठिणग्यांची सरळ धार. एका दमात चार फूट कापत गेला. कापलेल्या दोन्ही कडा मी त्याला बघायला लावल्या. एक कड ताठ, दुसरी किंचित तिरकी. त्याला वाटलं, अजून काहीतरी बिघाड आहे. बिघाड नव्हे. रिंग हवेला गोल फिरवते, त्यामुळं आर्कची एक बाजू जास्त कापते. नेहमीच्या टॉर्चमध्ये पुढं जाताना उजव्या हाताची कड ताठ निघते. म्हणून कामाचा तुकडा उजवीकडं राहील अशा दिशेनं कापायचं, भंगार डावीकडं. वर्षभर मशीन चालवूनही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो दोन्ही कडा ग्राइंड करत बसायचा. ट्रिगर सोडल्यावरही हवा काही सेकंद येत राहते, ती इलेक्ट्रोड गार करायला. तेवढ्यात मेन बंद करायचा नाही, हेही त्याला त्याच दिवशी कळलं.

त्याचे डोळे लाल होते. रात्री काय करतोस, विचारलं, तर म्हणाला, बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपतो. वेल्डिंगवाल्यांचा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय. आर्कच्या अतिनील किरणांनी डोळ्याचं वरचं आवरण भाजतं आणि वाळू गेल्यासारखं खुपतं. चकतीनं गार वाटतं, भाजलेलं थांबत नाही. दुकानातला साधा काळा गॉगल त्याला पुरत नाही, ठरावीक नंबरची वेल्डिंगची काच लागते. आणि स्टेनलेस कापताना जो धूर निघतो त्यात क्रोमियमचं विषारी रूप असतं, तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही. दारं उघडी ठेवून मागं एक एक्झॉस्ट पंखा बसवायला मी मालकाला सांगितलं. हो म्हणाला. पंखा बसायला मात्र खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी मशिनांची पूजा करायची, म्हणून वर्कशॉप धुतलं आणि तेव्हा एकदाचा तो भिंतीत बसला.

माल वेळेत गेला. पुढच्या आठवड्यात सकाळी सात वाजता पोराचा मोबाइलवर फोटो आला. कोल्ड्रिंकची अर्ध्या लिटरची बाटली, तळाशी चार बोटं तपकिरी पाणी, वर तेलाचा तवंग. बाटलीवर मार्करनं तारीख लिहिलेली. फोटोखाली लिहिलं होतं, "काका, आजचं."